कुंपणापलीकडची हरणं : टेक्सासच्या फेएट काउंटीतल्या नोंदी

14 जानेवारी 2024, रविवार

शिकारीचा हंगाम मागच्या रविवारी संपला. आज सकाळी चहाचा थर्मास घेऊन कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारली. 74 एकर. मधून ओढा, पलीकडे पोस्ट ओकची झाडं आणि योपॉनच्या झुडपांची दाटी, अलीकडे गवताचं रान. तारेखालून हरणांनी पाडलेल्या वाटा मोजल्या: अकरा. खालच्या तारेला जागोजागी केस अडकलेले. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची मादी काहीशे एकरांत आयुष्य काढते. नराला त्याहून पुष्कळ लागतं, आणि नोव्हेंबरात माजावर आला की त्याला हद्द कसली. माझे 74 एकर म्हणजे त्यांच्या घराची फक्त ओसरी.

या वर्षाचं काम: शेजारच्या सहा मालकांशी बोलायचं. सगळ्यांचं मिळून 1150 एकर होतं. एकत्र मोजणी, शिकारीबद्दल एकत्र ठरवणं, एकत्र नोंदी. इकडे याला वाइल्डलाइफ को-ऑप म्हणतात आणि टेक्सासच्या या पट्ट्यात ते नवीन नाही. राज्यातली 95 टक्क्यांच्या आसपास जमीन खाजगी आहे. कायद्याने हरीण राज्याचं, म्हणजे सगळ्यांचं. पण ते चरतं कुणाच्या तरी रानात आणि त्या रानाच्या फाटकाला कुलूप असतं.

मी स्वतः बंदूक चालवत नाही. कुणी हरणाचं मटण दिलं तर खातो. हे ढोंग आहे असं बायको म्हणते. तिच्याशी वाद घालायला मुद्दा नाही.

20 जानेवारी

शेजाऱ्यांची यादी. नावं वहीत नकोत, टोपणनावं पुरेत.

आजोबा, 238 एकर, उत्तरेला. चेक वंशाचे, वय 84, याच घरात जन्म. गुरुजी, 96 एकर, शाळेत शेतीचा विषय शिकवतात. नर्सबाई, 22 एकर. दातांचे डॉक्टर, 120 एकर, ऑस्टिनला राहतात, महिन्यातून एकदा येतात. डॅलसवाल्या बाई, 190 एकर. त्या कधीच येत नाहीत, जमीन ह्यूस्टनच्या चौघांना शिकारीसाठी लीजवर दिलेली. आणि दक्षिणेला पाटील, 410 एकर, गुरं. त्यांना पाटील मीच म्हणतो. त्यांच्या चालण्याकडे पाहून दुसरं नाव सुचत नाही.

10 फेब्रुवारी

पहिली बैठक झाली आणि बिघडली.

गावच्या अग्निशमन दलाच्या शेडमध्ये जागा मिळाली होती. गुरुजींनी सॉसेज आणलं, आजोबांच्या घरून कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव आले (खसखशीचे, फार छान). मी लॅपटॉप लावला आणि बावीस स्लाइड दाखवल्या. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या शिंगांचा नर, मग आठ नियम. चौथ्या नियमावर पाटील उठले. टोपी घातली, म्हणाले, "म्हणजे माझ्या जमिनीवर मी काय मारायचं ते तू सांगणार." विचारलं नाही, सांगितलं. आणि गेले. त्यांच्यामागून डॉक्टरही गेले. त्यांना ऑस्टिनला परतायचं होतं, असं ते म्हणाले.

वाईट याचं वाटतं की नियम वावगे नव्हते. आमच्या काउंटीत 2002 पासून सरकारी नियमच आहे: नर मारायचा तर एक तरी शिंग बिनफांदीचं हवं, नाहीतर दोन शिंगांमधलं आतलं अंतर निदान 13 इंच हवं. कान टवकारलेल्या हरणाच्या दोन कानांच्या टोकांमध्ये साधारण 13 इंच असतात, म्हणून शिंगं कानांबाहेर गेली का ते बघायचं. ऑस्टिन, कोलोरॅडो, फेएट, लव्हाका, ली आणि वॉशिंग्टन या सहा काउंटींत हा प्रयोग सुरू झाला. तोवर इथे दीड वर्षाची पोरंच मारली जात, नर म्हातारा होऊच देत नसत. मी फक्त त्यापुढचं एक पाऊल सुचवत होतो. पण ज्याने तीन वर्षांपूर्वी जमीन घेतली त्याने चौथ्या पिढीच्या माणसाला पुढचं पाऊल शिकवायचं?

बावीस स्लाइड. काय म्हणून?

11 फेब्रुवारी, रविवार

आप्पांना फोन. साक्रीला तेव्हा रात्र. बैठकीचं सांगितलं तर आधी हसले.

मग फडाचं बोलणं निघालं. पांझरेवरच्या आमच्या बंधाऱ्याखाली जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं पीक एकच: या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस. कुणाला कांद्याचा मोह झाला तरी तिथे कांदा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं, म्हणजे तोटा सगळ्यांच्या वाट्याला. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, त्यांना मोबदला धान्यात. तीन-चारशे वर्षं हे चाललं ते काही लोक फार गुणी होते म्हणून नाही. भांडणं भरपूर, माझे आजोबा आणि त्यांचा सख्खा चुलतभाऊ नऊ वर्षं बोलत नव्हते. पण दोघेही पाट साफ करायला एकाच दिवशी फावडं घेऊन यायचे.

आप्पांनी दोन प्रश्न विचारले. एक, "तुमचा जागल्या कोण?" दोन, "त्यांना पाट साफ करायला बोलावलंस का? की सरळ नियमच वाचलेस?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून होतो.

24 फेब्रुवारी

लॅपटॉप बंद. आता एकेकाच्या घरी जायचं, रिकाम्या हाताने नाही, आणि हरणांचा विषय त्यांनी काढल्याशिवाय काढायचा नाही. आज आजोबांकडे तीन तास. हरणांवर शेवटची दहा मिनिटं. बाकी वेळ: पाऊस, गुडघा, कापसाच्या दिवसांत इथे किती माणसं राहायची, कोणत्या मतभेदावरून कोण कुणाच्या लग्नाला गेलं नाही.

एक गोष्ट लिहून ठेवण्यासारखी. ते लहान असताना, म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकात, इथे हरीण दिसलं तर शाळेत सांगत, इतकी कमी होती. "आता लोक म्हणतात हरणं फार झाली. मला हे वाक्य अजून खरं वाटत नाही," म्हणाले. म्हणून ते मादी मारू देत नाहीत. हा आकड्यांचा मुद्दाच नाही, लहानपणीची टंचाई आहे. माझी आजी शेवटपर्यंत साखर कुलपात ठेवायची.

16 मार्च

नर्सबाईंकडे. बावीस एकरांत त्या हरणांचं काय करणार? काहीच नाही, त्यांना करात रस आहे. टेक्सासमध्ये 1995 च्या घटनादुरुस्तीपासून शेतजमिनीची कमी कर-आकारणी वन्यजीवांसाठी राखलेल्या जमिनीलाही चालू ठेवता येते. सात कामांपैकी निदान तीन दर वर्षी करायची: अधिवास सुधारणं, मातीची धूप थांबवणं, भक्षकांवर नियंत्रण, जादा पाणी, जादा खाद्य, निवारे, आणि मोजणी. लहान तुकड्यांना क्षेत्राची अट आड येऊ शकते. वन्यजीव व्यवस्थापनाच्या मालमत्ता-संघात असलेल्यांना ती अट सैल होते.

म्हणजे त्यांच्यासाठी को-ऑप हा सरळ हिशेबाचा विषय. मला आधी जरा हिरमुसल्यासारखं झालं. पण का? आमच्याकडे कारखान्याचे सभासद काय सहकाराच्या प्रेमाने झाले होते? उसाला भाव मिळावा म्हणून झाले. बाईंनी लगेच तीन कामं निवडली: पाण्याचं टाकं, पक्ष्यांसाठी पेट्या, मोजणी. अर्ज एप्रिलअखेरपर्यंत द्यावा लागतो. फॉर्म भरायला मी मदत करतो म्हणालो.

6 एप्रिल

डॉक्टर भेटले. ते गेले होते ते पाटलांमुळे नव्हे, खटल्याच्या भीतीने. "माझ्या जमिनीवर कुणाचा पाय मोडला तर?" हा प्रश्न माझ्या एकाही स्लाइडवर नव्हता. करमणुकीसाठी येणाऱ्यांबाबत जमीनमालकाची जबाबदारी मर्यादित करणारा राज्याचा कायदा आहे, पण मी वकील नाही. त्यांना त्यांच्याच वकिलाला विचारायला सांगितलं. संघाच्या कागदावर पहिलं वाक्य काय असावं हे त्यांनीच सुचवलं: कुणालाही दुसऱ्याच्या जमिनीवर जायचा हक्क या कागदाने मिळत नाही. उत्तम. हे वाक्य मी फेब्रुवारीत पहिल्या स्लाइडवर टाकायला हवं होतं, त्या शिंगवाल्याच्या जागी.

11 मे

आठवडाभर पाऊस. ओढा चढला आणि माझ्या व पाटलांच्या हद्दीवर ओढ्याच्या पात्रात जे लोंबतं कुंपण असतं ते वाहून गेलं. त्यांच्या सतरा गायी माझ्या रानात. सकाळी सहाला फोन केला. ते म्हणाले, "येतो." एवढंच.

दिवसभर दोघांनी काम केलं. ओंडके ओढून काढले, अडकलेली तार कापली, नवी केबल या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणली, तिला पत्रे लटकवले, म्हणजे पाणी आलं की पत्रे वर उचलले जातील आणि ओसरलं की पडतील. केबल कशी ताणायची ते त्यांनी दाखवलं. मी आधी उलटी बाजू ओढत होतो. दुपारी त्यांच्या पिकअपच्या टेलगेटवर बसून डबा खाल्ला. ज्याच्याकडून मी जमीन घेतली त्या माणसाशी त्यांचं याच कुंपणावरून बारा वर्षं वैर होतं. तो म्हणायचा, ओढा तुझ्या बाजूने आहे, तूच बांध. इथल्या कायद्यात सामाईक कुंपणाचा खर्च शेजाऱ्याने उचललाच पाहिजे असं बंधन नाही. त्यामुळे दोघेही बरोबर होते आणि गायी बारा वर्षं रस्त्यावर येत होत्या.

मी केबलचे अर्धे पैसे दिले. हरणांचं एक अक्षर नाही. निघताना ते म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या पडद्यावरचा नर कुठला होता?" मी म्हणालो, इंटरनेटवरून घेतला. "वाटलंच. आपल्याकडे असा होत नाही."

7 जून

राज्याच्या वन्यजीव खात्याच्या जीवशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. सल्ल्याचे पैसे घेत नाहीत. आजोबा, गुरुजी, नर्सबाई आणि मी त्यांच्याबरोबर चार तास फिरलो. बाई हरणं बघतच नव्हत्या, झुडपं बघत होत्या. कोणती पालवी खाल्लेली आहे, किती उंचीपर्यंत, हरणांना आवडणारी झुडपं संपवून आता नावडतीकडे वळलीत का. योपॉनची कोवळी टोकं खुडलेली. "हे फार आवडीचं नाही त्यांचं. म्हणजे आवडीचं कमी पडतंय," म्हणाल्या. आजोबा वाकून पाहत होते. ऐंशी वर्षं याच झुडपांतून चाललेला माणूस, पण या नजरेने पाहिलं नव्हतं असं त्यांनीच कबूल केलं.

राज्याची एक योजना आहे, तिच्यात नाव घातलं की मोजणीनुसार जादा परवाने आणि लांब हंगाम मिळतो. एका प्रकाराची मुदत 15 जून, दुसऱ्याची 1 सप्टेंबर. बाईंचा सल्ला: या वर्षी नको. आधी मोजा. काउंटीच्या नियमात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारपासून रविवारपर्यंत चार दिवस मादी मारायला परवान्याशिवाय मुभा आहे, पहिल्या वर्षाला तेवढं पुरे.

मोजणीसाठी सगळ्यांची फाटकं उघडी मिळतील का, हेही त्यांनी विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही.

11 जुलै, गुरुवार

बेरिल वादळ सोमवारी पहाटे मॅटागोर्डाला किनाऱ्यावर आलं आणि ह्यूस्टनची वीज घेऊन गेलं. वीस लाखांहून जास्त जोडण्या बंद, ह्यूस्टनजवळ केटीला आमच्या घरचीही. वादळ आमच्या पूर्वेकडून गेलं, त्यामुळे शेतावर दिवे चालू आहेत. मंगळवारपासून आम्ही चौघं आणि मंडळातली दोन मराठी कुटुंबं, एकूण अकरा माणसं या दोन खोल्यांत. पाटलांनी न विचारता जनरेटर आणून ठेवला, "लागला तर."

काल संध्याकाळी बायकोने वांगी भाजली. खानदेशी भरीत, कळण्याच्या भाकरीऐवजी टॉर्टिया, आणि मिरची निम्मी. शेजारचे सगळे आले, पाटलांची बायकोही. त्यांनी भरिताची कृती लिहून घेतली. काल पहिल्यांदा लक्षात आलं की फेब्रुवारीतल्या बैठकीला मी फक्त पुरुषांना बोलावलं होतं, नर्सबाई सोडून. 410 एकरांतले अर्धे पाटलीणबाईंच्या माहेरचे आहेत. त्यांच्याशी बोलायचं मला सुचलंच नव्हतं.

त्यांनी विचारलं, "नुसतं मोजायला लागतं काय?" मी म्हणालो, तीन रात्री, एक पिकअप, दोन दिवे, आणि फाटकं. त्या म्हणाल्या, "आमच्या फाटकाच्या साखळीत अजून एक कुलूप बसतं." इकडे साखळीत प्रत्येकाचं कुलूप अडकवायची रीत आहे, म्हणजे कुणीही आपलं कुलूप उघडलं की फाटक उघडतं. पाटील भरीत खात होते. मान वर केली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत.

17 ऑगस्ट

लीजवाले चौघे. यांची मला सर्वांत जास्त धास्ती होती, आणि बोलायला सर्वांत सोपे निघाले. दर वर्षी ते बंदुकीमागे पैसे भरतात, आठ-नऊ शनिवार-रविवार येतात. लहान नर का मारता, असं सरळ विचारलं. एकाने तितकंच सरळ उत्तर दिलं: "मी सोडला तर तो कुंपण ओलांडेल आणि पलीकडचा मारेल."

पलीकडचा म्हणजे पाटील. हेच वाक्य पाटलांनी मागे म्हटलं होतं, फक्त त्यांचा पलीकडचा म्हणजे हे चौघे.

मी दोघांचं वाक्य एकमेकांना पोचवलं नाही. एवढंच विचारलं की मोजणीच्या रात्री एक जण दिवा धरायला येईल का. दोघे येतो म्हणाले. डॅलसवाल्या बाईंचं ईमेल एका ओळीत आलं: लीजवाल्यांची हरकत नसेल तर माझी नाही.

23 ऑगस्ट, शुक्रवार

पहिली मोजणी. काल गेम वॉर्डनना, म्हणजे शिकारीच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, फोन करून कळवलं होतं. रात्री रानात दिवे फिरवणारी गाडी दिसली की ते येणारच. नियम पक्का: गाडीत एकही बंदूक नाही. लीजवाल्याने सवयीने आणलेली त्याच्या ट्रकमध्येच राहू दिली, पाटलांच्या समोर, मुद्दाम दाखवून.

दिवसा रस्ता आखून ठेवला होता: रानातल्या कच्च्या वाटांनी 4.2 मैल, सातही जमिनींतून, नऊ फाटकं. दर एक दशांश मैलाला थांबून दोन्ही बाजूंना किती लांबचं दिसतं ते मोजलं होतं. सरासरी प्रत्येक बाजूला 60 यार्ड. म्हणजे दिव्याखाली येणारं क्षेत्र 183 एकर. एकूण हरणं काढायचं गणित याच आकड्यावर उभं असतं, म्हणून तो दिवसा आणि सावकाश काढायचा.

सूर्य मावळल्यावर एक तासाने निघालो. गुरुजी गाडी चालवायला, ताशी आठ मैल. मागे डाव्या दिव्यावर लीजवाला, उजव्यावर पाटील. मी वहीत. डोळे चमकले की थांबायचं, दुर्बिणीने नर, मादी, पाडस ओळखायचं, ओळख पटली नाही तर 'अनोळखी' लिहायचं, अंदाज मारायचा नाही. गायींचे डोळेही चमकतात. पाटलांना प्रत्येक गाय अंधारात ओळखू येते, त्यामुळे तो घोटाळा झाला नाही. रानडुकरं सहा, ती हिशेबात नाहीत.

आज 13 हरणं.

तिसऱ्या फाटकापाशी पाटील खाली उतरून कुलूप उघडत होते, आणि आजोबा, जे आरामात पुढे बसले होते, म्हणाले की या फाटकातून ते शेवटचे गेले तेव्हा केनेडी अध्यक्ष होते.

6 सप्टेंबर, शुक्रवार

तिसरी आणि शेवटची रात्र. उद्या गणपती. घरी केटीला मोदकांचं सारण चालू, आणि मी इथे पिकअपच्या मागे डास मारतोय. पहाटे परत जायचं कबूल केलंय.

तीन रात्रींचे आकडे: 13, 9, 14. सरासरी 12. 183 ला 12 ने भागलं तर साधारण सव्वापंधरा एकरांना एक हरीण. 1150 एकरांत म्हणजे पंचाहत्तरच्या आसपास. तीन रात्रींत मिळून ओळखलेले नर 5, माद्या 17, पाडसं 8, अनोळखी 6. एका नरामागे तीनहून जास्त माद्या. दोन माद्यांमागे एक पाडसही धड नाही.

हे आकडे अचूक नाहीत. एका रात्री वारा होता, 9 त्याच रात्रीचे. खरी किंमत दर वर्षी त्याच वाटेने, त्याच पद्धतीने मोजल्यावर कळते. पण गंमत अशी की त्यावर कोणी वाद घातला नाही. माझ्या स्लाइडवर हेच आकडे असते तर अर्धा तास भांडण झालं असतं. आजोबांनी माझ्याकडून वही घेतली, 17 आणि 5 या दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि नुसतेच बसून राहिले.

28 सप्टेंबर

दुसरी बैठक, पाटलांच्या कोठारात. कागद एक पानी. पहिलं वाक्य डॉक्टरांचं. मग चार गोष्टी: मोजणी दर वर्षी, मारलेल्या प्रत्येक हरणाचा खालचा जबडा ठेवायचा आणि तारीख, वजन लिहायचं, थँक्सगिव्हिंगच्या त्या चार दिवसांत माद्या मारायच्या, सगळे मिळून सहापर्यंत, नराबाबत सरकारी नियम आहे तोच, जास्त काही नाही. दंड नाही.

माझ्या फेब्रुवारीतल्या आठपैकी पाच नियम गेले. गुरुजींना वाईट वाटलं, ते म्हणाले किमान वयाची अट हवी होती. मलाही हवी होती.

सहा सह्या झाल्या. आजोबांनी केली, पण पेन खाली ठेवून म्हणाले, माझ्या जमिनीवर मादी दुसऱ्या कुणी मारू नये, मारायची तर मी मारेन. पाटलांनी सही केली नाही. "मी कागदांवर सह्या करत नाही. कुलूप राहू दे साखळीत."

2 नोव्हेंबर, शनिवार

हंगामाचा पहिला दिवस. दिवाळीही. पहाटे फराळाचा डबा घेऊन प्रत्येक फाटकापाशी थांबलो. चकली आणि शेव सगळ्यांना चालते, चिवड्यावर लीजवाल्यांनी हल्ला केला. अनारसे कुणालाच समजले नाहीत.

लीजवाल्यांनी आज दोन नर सोडले, फोटो पाठवले. त्यातला एक दुपारी पाटलांच्या रानात दिसला. पाटलांनीही फोटो पाठवला. गोळी नाही, फोटो. खाली काही लिहिलं नव्हतं.

24 नोव्हेंबर, रविवार

मेक्सिकोच्या दक्षिणेला स्क्रूवर्म सापडल्याची बातमी. अमेरिकेने तिकडून गुरं आणणं थांबवलंय. तरुण लोकांना हा शब्दच माहीत नाही. आजोबा सकाळपासून अस्वस्थ, म्हणून त्यांच्याकडे बसलो.

ही माशी जिवंत जनावराच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात. नुकत्या जन्मलेल्या वासराची बेंबी पुरते. ते लहान असताना रोज घोड्यावरून फिरून प्रत्येक वासरू पाडायचं आणि काळं मलम लावायचं, हेच उन्हाळ्याचं काम. वासराला मलम लावायला माणूस होता, पाडसाला कोण लावणार? पाडसं जूनच्या आसपास जन्मतात, ऐन माशीच्या दिवसांत. मग सरकारने किरणांनी नपुंसक केलेले नर कोट्यवधींनी विमानांतून सोडले. माशीची मादी एकदाच जुळते, त्यामुळे अंडी वांझ. टेक्सासमध्ये मिशन गावी 1962 साली त्याचा कारखानाच निघाला. 1966 मध्ये देश मुक्त जाहीर झाला, 1972 मध्ये पुन्हा मोठी साथ आली, टेक्सासातून ती गेली 1982 मध्ये. माशी हटत गेली तशी हरणं वाढली. आज राज्यात पन्नास लाखांहून जास्त आहेत.

त्यांच्या लहानपणी हरणं का नव्हती, त्याचं अर्धं उत्तर हे. बाकीचं अर्धं, ते म्हणाले, "आम्ही. भूक लागली की मारायचो, तेव्हा हंगाम कोण बघतो."

1 डिसेंबर, रविवार

माद्यांचे चार दिवस संपले. एकूण पाच. प्रत्येकीची नोंद चोवीस तासांत राज्याच्या अ‍ॅपवर करणं बंधनकारक, गुरुजींच्या दोन विद्यार्थ्यांनी ते काम घेतलं. दोन माद्यांचं मांस गरजूंना देणाऱ्या योजनेत गेलं, बाकी शेजाऱ्यांत.

पाचवी आजोबांनी मारली. नातू बरोबर होता. शुक्रवारी संध्याकाळी, बसल्या जागेवरून, एका गोळीत. मी गेलो तेव्हा ते पायरीवर बसलेले होते आणि नातू काम करत होता. त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या गावाकडे राखणदार असतो म्हणालास. तो काय करतो, रात्रभर जागतो?" मी म्हणालो, हो, जागल्या, पिकाची राखण करतो, रानडुकरं हाकतो, आणि कुणी पाळी सोडून पाणी घेतलं की ते त्याला दिसतं. "आणि सांगतो?" म्हणालो, चांगला असला तर आधी त्यालाच सांगतो, मग पंचांना.

11 जानेवारी 2025, शनिवार

हंगाम रविवारी संपला. पाटलांच्या कोठारात पिकअपच्या टेलगेटवर दहा जबडे मांडले. जीवशास्त्रज्ञ बाई पुन्हा आल्या होत्या.

वय दातांवरून. पुढून तिसऱ्या दाढेला तीन कंगोरे असतील तर ती दुधाची, दीड वर्षाच्या सुमारास पडते आणि जागी दोन कंगोऱ्यांची पक्की येते. त्यापुढे झीज बघायची: दाढेतला काळसर भाग पांढऱ्या कडेपेक्षा किती रुंद झाला. 1949 सालापासून हीच पद्धत आहे, चूक होते, पण लहान आणि मोठं यात होत नाही.

माद्या पाच: एक दीड वर्षाची, दोन अडीच, एक साडेचार, आणि आजोबांची, जिच्या दाढा हिरडीपर्यंत झिजलेल्या. बाईंनी ती हातात घेऊन नुसतं "म्हातारी" म्हटलं. आजोबांनी ती परत मागून घेतली.

नर पाच. एक बिनफांदीचा दीड वर्षाचा, नियमात बसणारा. दोन साडेतीन, एक साडेचार. पाचवा डॉक्टरांनी मारलेला, आतलं अंतर पंधरा इंच, सगळ्यांना वाटलं किमान चार वर्षांचा. दाढेने अडीच सांगितलं. डॉक्टर दातांचेच, त्यांनी स्वतः पुन्हा पाहिलं आणि ओशाळले. कायद्याने काहीच चूक नव्हती. तेरा इंचांचा नियम दीड वर्षाच्यांना वाचवतो, रुंद शिंगांच्या अडीच वर्षांच्याला नाही. फेब्रुवारीतल्या माझ्या आठव्या नियमात हेच होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात गुरुजींनी पायावर पाय दिला.

पाटील त्या जबड्याकडे बराच वेळ पाहत होते. म्हणाले, "हा माझ्या रानातून गेला होता. तिसऱ्या दिवशी. मी सोडला."

डॉक्टर काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षासाठी कॅमेऱ्याचे फोटो सगळ्यांना एका जागी दिसतील अशी सोय करता येईल का, म्हणजे मारण्याआधी विचारता येईल. पाटील म्हणाले, फोटो पाठव, मी वय सांगेन.

पुढची कामं: साखळीतलं डॅलसवाल्यांचं कुलूप गंजलंय, बदलायचं. मार्चमध्ये ओढ्यावरची केबल ताणायची, आजोबांचा नातू येणार. जबड्यांवर क्रमांक घालून गुरुजींच्या वर्गात ठेवायचे. भरितासाठी वांगी पाटलीणबाई लावणार आहेत, बियाणं साक्रीहून आणता येत नाही, इथलंच मोठं जांभळं बघतोय.